आईखालचा चौथरा

दारवाला म्हणून सगळे ज्याला ओळखायचे, त्या सुताराने उभ्या आयुष्यात दारं सोडून फारसं काही केलं नव्हतं. खुर्ची मागायला कुणी आलं तर तो सरळ दुसऱ्या सुताराचा पत्ता सांगायचा. दार मात्र असं करायचा, की एका बोटाने ढकलावं आणि हूं की चूं न करता उघडावं. दाराच्या दोन्ही अंगांना माणसं राहतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून फळीच्या आतल्या बाजूलाही तो बाहेरच्याइतकाच मन लावून रंधा मारायचा.

त्याची थोरली बहीण नर्सची नोकरी संपल्यावर मातीकाम शिकली. वाडगी, पक्षी, असं करत करत तिने एकदा आई केली. सुईत दोरा ओवणारी, एक डोळा बारीक केलेली, भाजलेल्या मातीची आई. वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरणार होतं. पुतळा ठेवायचा चौथरा ज्याचा त्याने आणायचा होता.

"लोहाराकडे लोखंडी घोडी मिळते," ताई म्हणाली.

"आई लोखंडावर बसणार?" त्याने विचारलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

स्वतःच्या घराच्या दारासाठी राखून ठेवलेलं सागवान त्याने काढलं. चार उभ्या फळ्या, आत कोपऱ्यांना पट्ट्या, खाली तळ, वर चौकोनी माथा. प्रत्येक फळीच्या मधोमध त्याने वेल कोरली, पानांच्या शिरासुद्धा सोडल्या नाहीत. तेल चोळल्यावर लाकूड मधासारखं दिसायला लागलं. बायको चहा घेऊन आली, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

ताईने आईला आणून वर ठेवलं. दोन पावलं मागे सरली, बाजूने पाहिलं.

"छान झालंय दार. कडी कुठे लावणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे, धाकल्या, माणसं तुझी वेल बघत बसतील. आईला कोण बघणार? मी आपली घोडीच आणते. राग मानू नकोस."

ती आईला कापडात गुंडाळून घेऊन गेली. राग त्याला आलाच.  दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या खोलीत शिरला तेव्हा पुतळ्याच्या जागी त्याने पाण्याचा तांब्या ठेवला आणि दारातून बघितलं. नजर वेलीवर गेली. परत बघितलं. परत वेलीवरच गेली. तांब्या होता हे त्याला आठवून बघावं लागलं.

तो चौथऱ्यापाशी रंध्याच्या ढलप्यांत बसला. माथा उचलला, स्क्रू काढले, एकेक फळी उलटी केली आणि पुन्हा जागेवर बसवली. वेल आत गेली. बाहेर नुसतं साधं, सपाट सागवान राहिलं, तेही पाठ म्हणून कुठे कमी रंधलेलं नव्हतं. चौथरा डगमगू नये म्हणून त्याने आत वाळू ओतली. पानं, शिरा, कळ्या हळूहळू बुडत गेल्या. त्याने हात न थांबवता घमेलं रिकामं केलं आणि चौथऱ्याचा माथा परत ठोकून बसवला.

त्याने निरोप धाडल्यावर ताई आली. तिने चौथऱ्याला खांद्याने धक्का दिला. तो हलला नाही.

"नवीन केलास?"

"तोच आहे."

"आणि वेल?"

"आहे की. आत."

 तिने कडेवरून एकदा तळवा फिरवला. लोहाराला तिने त्याच दिवशी नको म्हणून कळवलं.

प्रदर्शनात दारवाला भिंतीपाशी उभा होता. माणसं आईसमोर येत, थोडी वाकत, आणि काहींचा एक डोळा नकळत बारीक होई. कुणीतरी हातातली पिशवी चौथऱ्याला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात मोकळे करून बघत राहिलं. दारवाल्याला पिशवी उचलावीशी वाटली. त्याने ती राहू दिली.