पाठ टेकली तरी शिट्टी वाजेना

तुम्ही कधी समोरच्याला चारी मुंड्या चीत करून त्याच क्षणी हरायला लागलायत का? नाही ना? मग उल्का ओव्हाळला नावं ठेवायच्या आधी जरा दम धरा, आणि हिंजवडीत त्या संध्याकाळी काय झालं ते नीट ऐका.

उल्का कात्रजच्या डोंगराखाली, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत वाढली. वडील लवकर गेले. आई डेअरीत क्रेट उचलायची. उल्का शाळकरी असताना नळावर एका दांडगट पोरानं तिचा हंडा लाथेनं सरकवला. तिनं त्याला कमरेत धरून उचलला, आपटला, आणि मग स्वतःच हात देऊन उठवला. समोरच्या टपरीवर कोंडीराम वस्ताद चहा पीत होते.

"ए पोरी, पाडलंस ते कळलं. उठीवलंस कशाला?"

"पडलेल्याला काय मारायचं, वस्ताद?"

म्हातारा अर्धा चहा तसाच टाकून उठला. दुसऱ्या दिवशी उल्का तालमीत.

तालमीच्या विश्वस्तांच्या पोटात दुखलं. एक तर मुलगी, त्यात विहारामागची. दुसरं कारण कुणी तोंडानं बोललं नाही. सुसंस्कृत शहर आहे आपलं, अशा वेळी 'मातीचं पावित्र्य' म्हणतात. वस्तादांनी एकच उत्तर दिलं, "मातीला इचारा. ती नको म्हनली तर काढतो पोरीला." माती काही बोलली नाही. उल्का राहिली.

कुस्तीत तिनं जिल्ह्यापर्यंत धडक मारली, पण पदकानं चूल पेटत नाही. तोवर हिंजवडीत भाताची खाचरं जाऊन काचेचे मनोरे उभे राहिले होते. तिथं एका इमारतीच्या दारात उल्का गार्ड म्हणून लागली. इंजिनिअर बायकांच्या बॅगा उघडायच्या, आत चाचपायचं, 'थँक्यू मॅडम' म्हणायचं, की पुढची बॅग. कंपनीच्या एसी बसमध्ये गार्डला जागा नसायची. दोन बस बदलून घरी यायचं. पण पहाटे तालमीत मातीत उतरली, की ती कुणाची गार्ड नसायची, कुणाची विहारामागची नसायची. त्या एका तासाच्या जोरावर ती बाकीचा दिवस ढकलायची. तालीम गेली असती, तर उल्काकडे उरली असती ती फक्त ड्यूटी.

दोन हजार पंधरा साली तिथल्या कंपन्यांनी मिळून मोठा क्रीडामहोत्सव भरवला. क्रिकेट, मॅरेथॉन, आणि शेवटी जाळीच्या पिंजऱ्यातली मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत. बायकांचीसुद्धा. कात्रजला एका तळघरात जिम चालवणाऱ्या अभयनं उल्काचं नाव परस्पर देऊन टाकलं. हा अभय जुना बॉक्सर. तीन महिने त्यानं तिला ड्यूटीनंतर बुक्क्या शिकवल्या. समोर होती तनया, उल्काच्याच इमारतीतली सातव्या मजल्यावरची इंजिनिअर, आजवर एकही लढत न हरलेली. बेंगलोरला नोकरी करताना ती जुजुत्सू शिकली होती. खाली पडायचं, पायांचा विळखा घालायचा आणि वरच्याचा हात नाहीतर गळा आवळायचा, ही तिची विद्या.

भांडण इथंच पेटलं. अभय म्हणाला, "उल्का, तिला पाडणं म्हणजे तिला तिच्या घरी नेऊन सोडणं आहे. जमिनीवर तिचाच गेम चालतो. तू उभी राहा. कुस्ती वापर ती फक्त न पडण्यासाठी. बाकी नुसत्या बुक्क्या."

वस्ताद तालमीच्या पायरीवर बसून ऐकत होते. "माज्या मातीतली पोर बुक्की मारनार न्हाई. कुस्तीवाला पाडतो आन् हात देतो. मारायचंच आसंल तर खुशाल मार. मग ह्यो उंबरा वलांडायचा न्हाई."

"वस्ताद, ती हरेल ना ओ!"

"हरंल की. हरल्यावर तालीम जात न्हाई."

उल्का दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, "मी पाडते तिला." अभयनं कपाळावर हात मारून घेतला.

वजन करायला दोघी एकाच रांगेत आल्या. तनयानं तिला निरखलं. "मी तुला कुठंतरी पाहिलंय."

"रोज बघता, मॅडम. तुमची बॅग मीच उघडते. पोह्यांच्या डब्याचं झाकण सैल झालंय, बदला."

तनया चक्क लाजली. खरं सांगायचं तर पोरगी वाईट नव्हती.

लढत सुरू झाली. पहिली फेरी संपत आली तरी दोघी एकमेकींभोवती फिरतच होत्या, तेव्हा उल्कानं वाट बघायचं सोडलं. वाकून पट काढला, म्हणजे दोन्ही मांड्या कवेत घेतल्या, उचलली आणि आदळली. तनयाची अख्खी पाठ मॅटवर. दोन्ही खांदे टेकलेले. कात्रजच्या मैदानात हे झालं असतं, तर हलगी कडाडली असती आणि उल्काला लोकांनी खांद्यावर घेतलं असतं.

आणि उल्कानं पकड सोडली.

विचार करून नव्हे. इतक्या वर्षांची सवय तिच्या बोटांत होती. चीत झाली, कुस्ती संपली, सोड. एक हात तिनं तनयाला उठवायला पुढे केला आणि मान वळवून पंचाकडे पाहिलं.

पंच ढिम्म. शिट्टी नाही, काही नाही. तो तिच्याकडे असा बघत होता, की ही बाई मध्येच का थांबली?

पुढे केलेला तोच हात तनयानं धरला. तिचे पाय उल्काच्या खांद्यावरून फिरले, हात मांड्यांमध्ये अडकला आणि कोपर उलट्या बाजूला वाकायला लागलं. उल्का ओरडलीसुद्धा नाही. काय होतंय तेच तिच्या डोक्यात शिरेना. खाली पाठ टेकून पडलेली बाई आपला हात मोडतेय! कोपरात काहीतरी 'कट' असं वाजलं, आणि नेमका फेरी संपल्याचा भोंगा झाला. नशीब म्हणा.

तिकडे वस्ताद खुर्च्या तुडवत जाळीपाशी पोचले होते. उल्काचेच सहकारी गार्ड त्यांना धरत होते. "आरं, पंच आंधळा हाय का? चीत झाली ती! समद्या हिंजवडीनं बगितलं!"

अभय म्हणाला, "वस्ताद, इथं चीत होण्याला काही अर्थ नसतो. पाठ टेकली तरी लढत चालूच."

"चालूच?"

"चालूच. केव्हापासून तेच सांगतोय मी."

एवढा हबकलेला वस्ताद उल्कानं कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिच्या सुजत चाललेल्या कोपराकडे पाहिलं.

"भोंगा झाला नसता, तर तिनं सोडला आसता ह्यो हात?"

"हार मानेपर्यंत नाही."

म्हातारा जाळीला धरून पुढे वाकला. मग म्हणाला, "उल्का, माजा नियम मातीतला हाय. जितं हात दिला तर हात मोडत्यात, तितं तुला हात बांधून पाठिवनार न्हाई मी. मार तिला."

उजवा हात कामातून गेला होता. दुसऱ्या फेरीत उल्का डाव्यानंच खेळली. तनया पायांत शिरायला आली, की उल्का पाय मागे फेकून तिच्या पाठीवर आपला भार टाकायची. वर्षानुवर्षं पुरुष मल्लांना तिनं असंच थोपवलं होतं, ही तर संगणकावर बसणारी. मग डाव्या हाताची बुक्की. परत बुक्की. एक नाकावर बसली आणि तनया खाली गेली. पाठीवर पडून, पाय वर घेऊन तिनं हातानंच खुणावलं, ये.

"जा! वर बस!" मैदान बोंबलत होतं.

उल्का दोन पावलं मागे सरली. मान हलवून म्हणाली, "उठा."

लोकांना कळेना. अभय मात्र जागच्या जागी उड्या मारायला लागला. तीन महिने तो हेच घोकून घेत होता, ती पडली तर तिच्यावर खाली जायचं नाही, तिला उभं राहायला लावायचं. पण उल्काच्या डोक्यात तेव्हा अभय नव्हताच. पडलेल्याला हात लावायचा नसतो, एवढंच तिला ठाऊक होतं. पंचानं तनयाला उठवलं. ती परत पडली, उल्का परत मागे. तिसरी, शेवटची फेरीही तशीच गेली. तिघांपैकी दोन परीक्षकांनी कौल उल्काला दिला.

नाकाला बर्फ लावलेली तनया जवळ आली. "खाली का नाही आलीस?"

"तुम्ही पडला होता."

तनया हसायला गेली आणि नाक दुखून कळवळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गळ्यात हात अडकवून उल्का तालमीत गेली. दाराला नवं कोरं कुलूप. पायरीवर कोंडीराम वस्ताद बसलेले, शेजारी त्यांच्या सामानाची पिशवी. तालमीतच राहणाऱ्या वस्तादांकडून विश्वस्तांनी रात्रीतच किल्ली काढून घेतली होती. दारावर पाटी: 'तालमीच्या मुलीने मुष्टियुद्ध केल्याने परंपरेस बाधा. नियम वस्तादांचाच आहे. तालीम बंद. चौकशी करू नये. – विश्वस्त मंडळ.'

उल्कानं पाटी वाचली. मग परत वाचली. "जिंकले ना मी?" तिनं विचारलं. कुणाला, तिलाही कळलं नसावं.

वस्ताद पाटीकडे न बघता म्हणाले, "म्या सोडला हुता की नियम. त्यांना सांगितलं म्या. म्हनले, नियम मंडळाचा, तुमचा न्हाई. पाटीवर मातूर माजाच हाय."

गणपतीत ह्याच विश्वस्तांनी तालमीच्या भिंतीला डीजे लावला, पोरं झिंगून मातीत ओकली, तेव्हा परंपरेला शिंकसुद्धा आली नव्हती! एका मुलीनं सरळ मैदानात, पंचासमोर, पडलेलीला एकदाही हात न लावता लढत जिंकली, आणि परंपरा बुडाली.

उल्का अजून बॅगा तपासते. कोपर भरून आलंय. पहाटे ती आणि वस्ताद तालमीच्या बाहेर, रस्त्याकडेच्या खडीवर, एक जुनी ताडपत्री टाकून सराव करतात. ट्रक गेला की धूळ नाकातोंडात जाते.

तुम्ही पुण्यात राहत असाल, तर येत्या रविवारी पहाटे कात्रजला या. हार नकोत, सेल्फी नकोत, भाषण तर मुळीच नको. त्या कुलपासमोर उभे राहा, विश्वस्तांना तिथं बोलावून घ्या आणि मोठ्यानं विचारा, उल्का ओव्हाळची तालीम कधी उघडताय?