काचवाल्याची आई

माझा धाकटा भाऊ काचा बसवतो. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या. दुकानात त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण काच उचलली की ती खाली टेकेपर्यंत त्याच्या तोंडून एवढा एकच शब्द निघतो. मी त्याच्या अगदी उलट. बस डेपोत तिकीट खिडकीवर बसते, दिवसभर लोकांवर खेकसते आणि घरी आले की उरलंसुरलं त्याच्यावर काढते. लग्न दोघांनीही केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्याला मी लगेच वाटेला लावते.

तीन वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, जिभेची धारही. तेव्हापासून तिला अंघोळ घालणं, कपडे बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं सावकाश करतो. दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे कामावर असला तरी मधूनमधून येऊन जातो. मी स्वयंपाक करते, औषधं आणते आणि सल्ले देते.

पण आल्यागेल्याला आई सांगायची, "मुलगी आहे म्हणून निभतंय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सावकाशकडे बघितलं. तो चहा ओतत होता, तो ओततच राहिला. मुलगा आपल्याला अंघोळ घालतो हे चारचौघांत कसं सांगायचं, असं तिला वाटत असणार. मीही गप्प बसले. फुकटचा मान कोणाला नको असतो?

मग ती पाहुणी आली. परदेशातले काही कलाकार आमच्याकडे आणि इथले तिकडे, अशी काहीतरी देवाणघेवाण होती. विषय काय, तर घरातल्या आजारी माणसाचं कोण करतं, बाई की पुरुष, आणि तेच का करतं. आता यात कला कुठे आली, देव जाणे. सोबत दुभाषी म्हणून इथलीच एक नाटकवाली होती. शेजारणीने दोघींना थेट आमच्या दारात आणून उभं केलं.

पाहुणी माझे हात चितारायला बसली आणि चितारता चितारता प्रश्न विचारायला लागली. आधी कुठला पाय धुता? हात थंड असतील तर काय करता? त्या वेळी दोघी काय बोलता? आयुष्यात मला असलं कोणी विचारलं नव्हतं. मी दिली ठोकून. आधी उजवा, म्हटलं. हात चोळते, म्हटलं. आई डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली नव्हती.

जाताना नाटकवाली म्हणाली, "यांना इथून एका व्यक्तीला तिकडे न्यायचंय. कलादालनात खाट मांडून रोजचं काम लोकांना करून दाखवायचं. सहा आठवडे. तुम्ही याल?"

वीस वर्षं मी दुसऱ्यांना तिकिटं फाडून देतेय. मी स्वतः शेवटच्या थांब्याच्या पुढे कधी गेलेले नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अट एवढीच होती, की रविवारी त्या येणार आणि मला आईचं करताना एकदा बघणार.

सावकाशला सांगितलं तेव्हा वाटलं, हा आता तरी चिडेल. तो म्हणाला, "जा की. चार दिवस आहेत, शिकवतो."

आईवर प्रयोग नको, म्हणून तो स्वतः माझ्या पलंगावर आडवा झाला. सत्तर किलोचा माणूस, अंग सैल सोडून पडलेला, आणि मी त्याला कुशीवर वळवतेय. पहिल्या दिवशी माझी कंबर धरली. "ओढू नकोस," तो म्हणायचा. "चादर धर आणि स्वतःचा भार मागे टाक. बोटांनी धरायचं नाही, तळवा सपाट ठेव. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांग." पाठीवर कुठे गरम लागतंय का, कडक लागतंय का, ते तळव्याने चाचपायचं, म्हणजे पडून पडून जखम व्हायच्या आत कळतं. "काचेची कड बघून कळत नाही, हात फिरवून कळते," तो म्हणाला.

एका घरात राहून मी यातलं काहीच कधी विचारलं नव्हतं. आता मात्र मला एकेक गोष्ट जाणून घ्यायची होती. पाणी किती गरम? आई कण्हली तर थांबायचं का? तो प्रत्येकाचं उत्तर द्यायचा, जरा विचार करून. तीन वर्षांत आम्ही भावंडं एवढं बोललो नव्हतो.

रविवारी दोघी खाटेच्या पलीकडे बसल्या, तिथून आईची पाठ दिसत नव्हती. सावकाश दारात बादली घेऊन उभा राहिला. मी आईला सांगितलं, चादर धरली, भार मागे टाकला आणि तिला झकास कुशीवर वळवलं. पाहुणीची पेन्सिल भराभर चालली. मी पाठीवरची चादर सारली, ओलं फडकं टेकवलं, तशी आई ताठ झाली.

"काय झालं गं?"

"तू बघतेस."

"मग काय करू?"

"तो भिंतीकडे बघतो," आई म्हणाली. "तीन वर्षं झाली, एकदाही त्याने नजर खाली आणली नाही. म्हणून मला त्याची लाज वाटत नाही."

नाटकवालीने हलक्या आवाजात ते पाहुणीला सांगितलं. पाहुणीने विचारलं, तो म्हणजे कोण?

"ताईच करते," सावकाश दारातून म्हणाला. "आईचा गोंधळ होतो कधीकधी."

माझ्यासाठी तो खोटं बोलत होता आणि त्याने ते बोलावं असं मलाही वाटत होतं. त्या क्षणी मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी फडकं खाली ठेवलं.

"तिचा काही गोंधळबिंधळ होत नाही," मी म्हटलं. "सगळं हाच करतो. मी तिकिटं विकते."

पाहुणीने स्टूल दाराच्या दिशेने वळवलं आणि त्याचे हात बघायला लागली. मग तिने त्यालाच विचारलं, याल का? तो नाही म्हणाला. आईची कूस कोण बदलणार?

"मी," मी म्हटलं.

"तिला येतंय कुठे?" आई म्हणाली.

दोन महिने मी त्याच्या हाताखाली शिकले आणि मग तो सहा आठवड्यांसाठी तिकडे गेला. पहिल्या सकाळी मी दार लावलं, हात बगलेत धरून गरम केले, आईला कुशीवर वळवलं आणि भिंतीकडे बघत पाठ पुसायला लागले.

"काय आहे भिंतीवर?" आईने विचारलं.

"काही नाही."

"मग इकडे बघ. त्याला कसं सांगणार होते मी? पण डॉक्टर सोडले तर तीन वर्षांत मला कोणी बघितलेलं नाही गं. मलाही दिसत नाही. नीट बघ आणि सांग, कशी झालेय मी."

मी चादर बाजूला केली आणि बघितलं.

"पाय काटकुळे झालेत," मी म्हटलं. "पोट माझ्यासारखंच आहे. खांद्यावर तीळ आहे, तो मला माहीतच नव्हता."

"आणि पाठ?"

मी पाठीवरून तळवा फिरवला. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेलं शरीर, आणि पाठीवर एक लाल चट्टासुद्धा नव्हता.

"पाठ छान आहे गं. एक डाग नाही."

आईने डोळे पुसले. एक हात चालतो, त्याने.

"त्याचा फोन आला की सांग त्याला," ती म्हणाली. "त्याने ती कधी बघितलेली नाही."