वंदना माने, विमा सल्लागार

आरोग्य विम्याचा प्लॅन निवडायला कुणी आलं, की वंदना माने त्याला समोर बसवायची आणि म्हणायची, "गोळ्या दाखवा." माणूस गोंधळायचा. तो आलेला असायचा कुठल्या कंपनीचं काय घ्यावं हे विचारायला, आणि ही त्याच्या औषधांच्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडून घ्यायची. मग एकेका पट्टीवर बोट ठेवून प्रश्न. ही कधीपासनं? ही कुणी दिली? ही मधेच का सोडली? "दुखतंय कुठं ते आधी कळू दे. प्लॅन काय पळून जात न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. आयरिश म्हाताऱ्यांनाही ती हेच सांगायची, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. ते इंग्रजी ऐकून मलाच कानकोंडं व्हायचं. म्हातारे मात्र मुकाट्याने पिशव्या उघडायचे.

मला वंदनाचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

ती आयर्लंडमध्ये, लिमरिकला आली तेव्हा मला इथे नऊ वर्षं झाली होती. मी पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. गावात नवीन मराठी कुटुंब आलं की पहिला फोन मला यायचा. डॉक्टर कुठला, शाळा कुठली, ड्रायव्हिंगच्या परीक्षेची तारीख कशी मिळवायची, सगळं 'मेघनाताईंना विचारा'. मला ते आवडायचं. दमले, दमले म्हणायचे, पण आवडायचं.

गणपतीच्या कार्यक्रमात वंदना पहिल्यांदा भेटली. जयसिंगपूरची. नवरा सुनील जवळच्याच शॅनन गावातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, त्याच्यामागून ती आलेली. हॉलच्या कोपऱ्यात प्रसादाच्या वाट्या भरत होती. मी तिला म्हटलं, "आधी इंग्रजीचा क्लास लाव. मग एखाद्या दुकानात काम मिळून जाईल." तिने पर्समधून छोटी डायरी काढून ते लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत ताई," म्हणाली. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

क्लास तिने लावला. पण दुकानात गेली नाही. लिमरिकच्या एका विमा सल्लागाराकडे कागद लावायच्या कामावर लागली, एकेक करत त्या धंद्याच्या परीक्षा दिल्या, आणि चार-पाच वर्षांत शॅननला एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर स्वतःचं ऑफिस थाटलं. एकाच कंपनीची माणूस नव्हती ती. सगळ्यांचे प्लॅन समोर ठेवायची आणि गिऱ्हाइकाला जे लागू पडेल ते सांगायची. इथे प्लॅन शेकड्यांनी, नावं एकासारखी एक. भलेभले थकतात. सुनील अभिमानाने सांगायचा, "ती ते तक्ते रात्रीच्या मालिकेसारखे बघते."

मग एकदा आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आईवडिलांना इकडे आणतोय, विमा कोणता घेऊ? मी दुपारभर बसून मोठा मेसेज लिहिला, मुद्द्यांसकट. त्याखाली पाठोपाठ तिघांनी लिहिलं, 'वंदनाताईंना विचारा.' माझ्या मेसेजला एक अंगठा आला. तो श्रीकांतचा, माझ्या नवऱ्याचा.

त्या वर्षी श्रीकांतचा उजवा खुबा दुखायला लागला होता. जिना चढताना कठडा धरायचा, गाडीतून उतरताना आधी पाय हातांनी बाहेर ठेवायचा. डॉक्टरांनी सांगितलं, आज ना उद्या खुबा बदलावा लागेल. सरकारी यादीत नंबर लागायला किती काळ जाईल, कुणी सांगू शकत नव्हतं. विम्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं.

"वंदनाला एकदा दाखवूया का?" श्रीकांत म्हणाला.

"मला वाचता येतं," मी म्हटलं.

मी एक्सेल उघडलं, चौदा प्लॅन उभे-आडवे मांडले आणि एक नवा निवडला. दातांचे पैसे परत, चष्म्याचे परत, डॉक्टरांच्या भेटींचे परत. जुन्यापेक्षा कितीतरी भरलेला दिसत होता. घेऊन टाकला आणि स्वतःवर खूश झाले.

अकराव्या दिवशी मला कळलं, श्रीकांत परस्पर शॅननला जाऊन आला होता. त्याने स्वतःच सांगितलं, भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. "ती म्हणाली, मेघनाताईंना घेऊन या. महत्त्वाचं आहे."

"तू माझ्या पाठीमागे तिच्याकडे गेलास?"

"माझा खुबा आहे गं तो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. भांडायचं ठरवूनच. बेकरीच्या बाजूचा अरुंद जिना चढताना वाक्यंही जुळवत होते. वर वंदनासमोर एक आयरिश आजी बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी अवघड विचारलं. वंदनाने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आय डोन्ट नो, ब्रीडी. आय विल आस्क अँड टेल यू." आजी म्हणाल्या, "दॅट्स ग्रँड, लव्ह," आणि खरोखरच निवांत होऊन उठल्या. मी बघत राहिले. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं आणि मी 'ठाऊक नाही' म्हटलं, असं एकदाही झालं नव्हतं. येत नसलं तरी मी काहीतरी सांगायचेच.

"बसा की ताई," वंदना म्हणाली. "तुमच्या गोळ्या आणल्यात?"

"मी श्रीकांतसाठी आलेय."

"व्हय. पण प्लॅनवर नाव दोघांचं हाय."

का कोण जाणे, मी पर्स उघडली. रक्तदाबाच्या गोळीची पट्टी काढून ठेवली. सात महिने घेत होते, श्रीकांतलाही सांगितलं नव्हतं. वंदनाने ती टेबलावर नीट सरळ ठेवली आणि काही विचारलं नाही. मग माझ्या प्लॅनचा कागद पुढे ओढून एका ओळीखाली फूटपट्टी धरली. बारीक अक्षरात होतं. खुबा नि गुडघा बदलायचा झाला, तर खर्चाचा मोठा हिस्सा रुग्णाने सोसायचा. आमच्या जुन्या प्लॅनमध्ये तसं काही नव्हतं.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"नंतर परत जुना घेता येईल ना?"

"येतोय. पण एकदा खाली उतरलं की जुन्या दुखण्यासाठी वर चढायला दोन वर्षं थांबावं लागतंय. घेतल्यापासनं चौदा दिवसांत मात्र मन बदलता येतं. आज कितवा?"

"बारावा."

"मग हाय की वेळ. लावते फोन."

"मी वाचलं होतं ते," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

"वाचलं असणारच की. एवढं बारीक लिहितात, कुणाच्याबी नजरेतनं सुटतंय." तिने मान वर करून माझ्याकडे बघितलंही नाही. फोनवर ती पाऊण तास कुणाकुणाशी बोलत होती, त्याच मोडक्या इंग्रजीत, न चिडता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. तिने एखादा टोमणा मारला असता तर मला हलकं वाटलं असतं. आम्ही पुन्हा जुन्या प्लॅनवर आलो.

त्या संध्याकाळी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी ग्रुपवर लिहिलं, 'मंडळी, प्लॅन घेताना खुबा-गुडघ्याचं कलम नक्की तपासा. मी बारकाईने वाचलं म्हणून वेळेत लक्षात आलं.' धन्यवादांचा पाऊस पडला. 'मेघनाताई, तुम्ही ग्रेट आहात.' वंदनानेही हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. श्रीकांतने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि जेवायला बसला.

पुढच्या वसंतात त्याचं ऑपरेशन झालं. छान झालं. आता तो शॅनन नदीच्या काठाने माझ्यापुढे चालतो.

तीन वर्षांनी वंदनाचे सासरे अंथरुणाला खिळले, आणि ती दोघं जयसिंगपूरला परत गेली. निरोपाला हॉल भरला होता. बेकरीवाला आला होता, ब्रीडीआजी आल्या होत्या. लोक एकेक करून उठून बोलत होते, कुणाचे डोळे, कुणाची बायपास. माझ्यापाशी माइक आला तेव्हा मी म्हटलं, "आम्हाला तुझी आठवण येईल," आणि तो पुढे दिला.

मग फोन पुन्हा मला यायला लागले. मी खूश होते. गेल्या महिन्यात नागपूरची एक नवी मुलगी मुलाच्या शाळेबद्दल विचारत होती. सहज विचारलं, माझं नाव कुणी दिलं?

"वंदनाताईंनी. मी इंडियातून निघायच्या आधीच. म्हणाल्या, लिमरिकला मेघनाताई आहेत, त्यांनी मला पहिल्या दिवशी रस्ता दाखवला."

मी तिला शाळेची माहिती दिली. फोन ठेवला आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. मग ग्रुपवर लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं. की ते कलम मी पकडलं नव्हतं, वंदनाने पकडलं होतं. मी तिचं श्रेय घेतलं आणि ती गप्प राहिली.

ग्रुपवर एकही अंगठा आला नाही. तासाभराने वंदनाचा वेगळा मेसेज आला. 'एवढं कशाला लिहिलंत ताई? मला तर आठवतबी नव्हतं.'

खरंच आठवत नव्हतं, की माझ्यासाठी तसं म्हणाली, मला कळलं नाही. मी ते एवढी वर्षं एक दिवसही विसरू शकले नव्हते. तो मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि प्रत्येक वेळी मला तिचा हेवा वाटला.