खरं की खोटं, सरांना विचारा!

रेवस जेट्टीजवळच्या आमच्या गावात मी तीस वर्षं भूगोल शिकवला. तेवढ्या काळात एकाही पोराने सामुद्रधुनी नकाशात कुठे असते हे आपणहून विचारलं नाही. निवृत्त झालो, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलो, आणि आता दात घासायच्या आत प्रश्न येऊन पडलेले असतात. ‘सर, हे खरं हाय का?’ जगात कुठेही दोन देशांची जुंपली की डोक्याला ताप माझ्या! असे किस्से इतके साठलेत की मोबाइलची मेमरी केव्हाच भरली. माझी अजून चालतेय, म्हणून सांगून टाकतो.

हे सगळं हसण्यावारी नेलंही असतं. पण शेजारच्या यशोदावहिनींचा मुलगा महेश आखातात तेलाच्या जहाजावर आहे. माझाच विद्यार्थी. ग्रुपवर कुठलंही जहाज बुडालं की वहिनी हातातलं काम टाकून माझ्या ओटीवर येतात. मग ती बातमी खोटी ठरेपर्यंत मलाही चहा गोड लागत नाही.

*

पहिला मान दामूचा. दामू आमच्या गावचा होडीवाला. एकदा त्याने कुठूनसा आलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकला, ‘शत्रूचा ताफा अरबी समुद्रात घुसला! सावध राहा!’

वहिनी आल्याच. मी चष्मा लावून व्हिडिओ पाहिला. रांगेने होड्या, होड्यांना पताका, हार, आणि सगळ्यात पुढच्या होडीत हातात नारळ घेऊन दामू स्वतः उभा! आमचीच नारळी पौर्णिमेची मिरवणूक!

तसाच उठून त्याला गाठलं. ‘अरे, हा तूच ना?’

‘व्हय सर, मीच हाय.’

‘मग शत्रूचा ताफा कुठला?’

‘मला वाटलं, माझ्या मागनं आला आसंल!’

*

अप्पा बँकेतून निवृत्त झालेले, सुपारीच्या वाडीचे मालक. माणूस शिकलेला. त्यांनी पाठवलं, ‘येत्या मंगळवारी तिसरं महायुद्ध. सर, जरा कन्फर्म करा.’

मी अख्खी सकाळ घालवली. पेपर वाचले, परदेशातल्या न्यूज साइट उघडल्या, आणि सविस्तर लिहिलं, की असं कुठल्याही देशाने जाहीर केलेलं नाही.

लगेच फोन! ‘ते ठीक आहे हो, पण साधारण किती वाजता?’

‘अप्पा, युद्ध नाहीये!’

‘नसेल. पण मंगळवारी माझा माणूस सुपारी काढायला येतो. तो झाडावर असताना सुरू झालं, तर त्याला खाली कोण घेणार?’

*

मग आला तो मेसेज, ‘आखाताच्या तोंडची सामुद्रधुनी बंद, सगळी जहाजं अडकली.’ मी जहाजांचा लाइव्ह नकाशा उघडला. जहाजं आरामात ये-जा करत होती. तो मेसेज घेतला, वर ठळक लिहिलं, ‘हे खोटं आहे’, आणि ग्रुपवर टाकला.

दोन दिवसांनी तोच मेसेज अप्पांकडून मला परत! अप्पांना तो पनवेलच्या भाचीने पाठवलेला. तिला न्हावा शेव्याला कामाला असलेल्या दिराने. आणि दिराला? दामूने!

‘दामू, तुला कुणी पाठवला?’

‘तुमीच की, सर!’

‘अरे, पण वर मी खोटं आहे म्हणून लिहिलं होतं!’

‘ती वरची वळ मी काढली. मेसेज लय लांब व्हत व्हता.’

तो कापलेला मेसेज यशोदावहिनींच्या माहेराहून फिरून त्यांच्यापर्यंतही पोचला होता. माहेरची बातमी खरीच असणार म्हणून मला न विचारता बाई आदल्या दिवसापासून धड जेवली नव्हती. दामूवर मी असा ओरडलो की वर्गातही कधी ओरडलो नसेन. तो बिचारा जाऊन वहिनींची माफी मागून आला, आणि मग मलाच वाईट वाटलं.

*

एकदा पेटलेल्या जहाजाचा फोटो फिरत होता. शोधून काढलं, तो कित्येक वर्षांपूर्वीचा निघाला, तोही दुसऱ्याच समुद्रातला. मी खूश होऊन म्हणालो, ‘वहिनी, काळजी सोडा. हे महेशचं जहाज नाही.’

वहिनींनी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. ‘मंग ह्याच्यावर कोनाचं पोर व्हतं, सर?’

तेवढं मी शोधलं नव्हतं.

*

हल्ली कुणाचाही आवाज मशीन हुबेहूब काढतं, कानावरही विश्वास ठेवू नका, हे मीच वहिनींना समजावून सांगितलं. दुसऱ्याला शहाणं करायची माझी जुनी खोड!

पुढच्याच आठवड्यात आखातात परत तणाव वाढला. आठ दिवस महेशचा फोन नाही. वहिनी सकाळपासून माझ्या ओटीवर बसून. मी बातम्यांमागून बातम्या खोट्या ठरवत होतो, पण त्याचा पत्ता काही लागत नव्हता. तेवढ्यात माझाच फोन वाजला.

‘सर, महेश बोलतोय! आमाला आत्ता रेंज मिळाली. रायगडच्या किनाऱ्यावर संशयित बोट, गावं रिकामी केली, असा मेसेज आलाय. आई फोन उचलत न्हाय. आई कुठं हाय, सर?’

‘अरे, गावाला काही झालेलं नाही! फोन घरी चार्जिंगला लावून ती इथे माझ्या ओटीवर बसलीय, तुझीच वाट बघत!’ मी फोन वहिनींकडे दिला.

‘आये, मी बरा हाय,’ तो पलीकडून ओरडून सांगत होता. मलाही ऐकू येत होतं. वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग त्यांनी पदराने फोन झाकला, तो माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाल्या,

‘सर, ह्यो आमचा महेशच हाय ना? जरा तपासून द्या.’