सारख्या टाचांचा जोड

बाईंचा डावा पाय लहानपणापासून दोन इंच आखूड. त्या शाळेत शिकवत, आणि त्यांच्या डाव्या बुटाला जाड तळ लावून द्यायचं काम तीस वर्षं बूटवाल्या काकांकडे होतं. काका हाताने चोख, पण तोंडाने फटकळ.

एकदा बाई म्हणाल्या, "काका, या वेळी दोन्ही टाचा सारख्या करा. रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना आहे. प्रभूकडे विश्वासाने मागायचं, तर पाय बरा झाल्यावर घालायला बूट नकोत?"

"डोकं ठिकाणावर आहे ना, बाई?" काका खेकसले. पण जोड शिवून दिला. आणि गुपचूप जाड तळाचाही एक शिवून बाकाखाली ठेवला.

सोमवारी बाई लंगडतच आल्या, नवा जोड हातात. काकांनी बाकाखालचा जोड पुढे केला. बाई खळखळून हसल्या. "म्हणजे तुमचा विश्वासच नव्हता की!"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाड तळाचे बूट चढवून बाई उठल्या. "हा सारखा जोड मात्र इथेच असू द्या. प्रभू अजून 'नाही' कुठे म्हणालाय?"

त्याला आता सहा वर्षं झाली. न वापरलेलं चामडं तडकतं, म्हणून काका दर शनिवारी त्या जोडाला तेल चोळतात. परवा तो एका गिऱ्हाईक बाईला अगदी मापात बसला. सांगाल ती किंमत द्यायला ती तयार होती. काकांनी तो तिच्या पायातून जवळजवळ ओढूनच काढला.

"विकायचा नाही," ते म्हणाले. "ज्यांचा आहे, त्या कधीही येतील."