डोळे मिटून मारलेली फेरी
पेट्रोलचा वास आला की मला बुधवारा भागातल्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. आदल्या दिवशीच मी कोइम्बतूरहून माझी पहिली कार शर्यत करून परतले होते आणि मान वळत नव्हती. शाळेत गणित शिकवणारे बाबा जेवताना म्हणाले, "बसूनच तर होती ना तू? मग थकली कशानं? पळाली तर गाडी." मी म्हटलं, "डोकं थकतं, बाबा. दाखवते. तुम्ही घड्याळ लावा." ताटं उचलल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि हवेत स्टिअरिंग धरून ट्रॅकची अख्खी फेरी मनातल्या मनात मारली. कुठं ब्रेक दाबायचा, कुठं गिअर उतरवायचा, कुठल्या वळणावर मागच्याला वाट द्यायची नाही, सगळं क्रमानं येत गेलं. बाहेर केळीचा ट्रक हॉर्न देत होता, तोही दूर गेला. तळहात घामानं ओले झाले. शेवटचं वळण घेऊन मी म्हटलं, "झाली! किती लागले?" डोळे उघडले तर समोर कुणीच नव्हतं. आतल्या खोलीतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता. पुढे मी दोन शर्यती जिंकले, तेव्हा घरी फक्त सुखरूप पोहोचल्याचं कळवलं.