अफूची सवय घेऊन जन्मलेलं बाळ

उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या बराकीत आमचा बाळंतपणाचा वॉर्ड होता. मी तिथे नर्स होते. अंबरनाथजवळच्या मोरिवलीहून चालत यायचे, चालत परत जायचे. घरी माझी सात महिन्यांची मुलगी सासूबाईंजवळ असे.

त्या हिवाळ्यात एक सिंधी बाई बाळंत झाली. मुलगा वजनाला बरा होता. दुसऱ्या दिवशी मात्र तो थरथरायला लागला. हातपाय ताठ, आवाज चिरका, शिंकांवर शिंका. छातीला लावलं तर धड चोखता येईना. त्याची आजी म्हणाली, नजर लागली. मला धनुर्वाताची भीती वाटली.

डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. "धनुर्वात इतक्या लवकर होत नाही. जबडाही सैल आहे. आईला विचारा, अफू खाते का."

सासूसमोर बाळाच्या आईनं मान हलवून नाही म्हटलं. सासू पाणी आणायला गेली तेव्हा तिनं उशीखालून पत्र्याची डबी काढून मला दाखवली. फाळणीत घर सोडताना पाय मोडला होता. कुणा हकिमानं दुखण्यावर अफू दिली. दुखणं कमी झालं, अफू काही सुटली नाही.

"न खाऊँ तो हाथ काँपते हैं, सिस्टर."

"और इसके हाथ?" मी फटकन बोलले. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी बाळाला अफूच्याच अर्काचे मोजके थेंब सुरू केले. दर दोन-तीन दिवसांनी ते कमी करायचे होते. बाकी सगळं आमच्या हातांवर. त्याला घट्ट गुंडाळून छातीशी धरायचं, खिडकीला चादर लावायची, आईचं दूध चमच्यानं थोडं थोडं पाजायचं. जुलाबांनी त्याचं ढुंगण सोलून निघालं होतं, तेलाचं बोट लागलं तरी किंचाळायचा. वॉर्डात इतर बाळंतिणीही होत्याच. आठव्या की नवव्या दिवशी तो रडत असतानाच मी त्याला खाली ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. माझ्यानं होईना. आत डोकावले तेव्हा त्याची आई लंगडत उठून त्याला उचलत होती.

त्याच संध्याकाळी घरी गेले तर माझी मुलगी गाढ झोपलेली. मी कौतुकानं म्हटलं, "किती शहाणी आहे."

सासूबाई म्हणाल्या, "शहाणी कसली. बाळगोळी उगाळून दिली की दिवसभर कटकट नाही."

मी गोळी नाकाशी नेली. त्या बाईच्या डबीला येत होता तोच कडवट वास. "आई, यात अफू आहे."

"असेल. तुझ्या नवऱ्यालाही मीच दिली, मोठा झालाच ना? शेत, गुरं आणि रडतं पोर, मी एकटीनं कसं सांभाळू, तूच सांग."

गोळी एकदम थांबवायची नसते, हे एव्हाना मला चांगलं कळलं होतं. रोज थोडी कमी उगाळायची असं ठरलं. मुलगी कितीतरी दिवस रडली. तिकडे ते बाळ, इकडे ही. दोघांना धरून खांदे भरून यायचे.

गोळीचं कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्या बाईला सगळं सांगितलं. ती बघतच राहिली. "आपकी बच्ची भी?" मग खाटेवर सरकून तिनं मला जागा केली. "बैठो, सिस्टर. इसे मुझे दो." मी बसले आणि बसल्या बसल्याच डोळा लागला.

तीन आठवड्यांनी मुलगा नीट चोखू लागला, थेंब बंद झाले. तिची स्वतःची अफू मात्र पूर्ण सुटली नाही, निम्म्यावर आली एवढंच. माझ्या सासूबाई पुढे दुपारी मुलीला सांभाळायला शेजारणीला मदतीला बोलावू लागल्या.

वर्षभरानं ती सिंधी बाई मुलाला देवीची लस टोचायला घेऊन आली. मी ओळखलं नाही, तिनंच आठवण करून दिली. मी हात पुढे केले. तो काही माझ्याकडे आला नाही, आईला घट्ट धरून राहिला.